आमची वाटचाल, आणि त्या उन्हाळ्यातली वायर

अमळनेरात वायफाय आणि नेटवर्कच्या वायरिंगचं दुकान टाकलं तेव्हा माझ्याकडे एक क्रिम्पिंग टूल, म्हणजे वायरीच्या टोकाला प्लग दाबून बसवायची पक्कड, एक आठ लाइटांचा वायर टेस्टर आणि आतेभावाची मोटरसायकल एवढंच होतं. तो शिडीवर, मी खाली. ते टूल आजपण वापरात आहे, मुठीचं रबर दोनदा बदललं पण दाब अजून तसाच, आठही पिना एका लेव्हलला बसतात. नवीन पोरगं कामाला आलं की पहिल्या दिवशी हेच हातात देतो, आणि पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा वायरीतल्या आठ तारांचा क्रम न बघता म्हणता येईपर्यंत त्याला गिऱ्हाइकाच्या घरी नेत नाही.

मधली वर्षं बरी गेली. मग २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, पुण्याहून आलेली पोरं लॅपटॉप घेऊन जिन्यात नाहीतर गच्चीवर बसायला लागली, कारण आपल्याकडची जुनी धाब्याची घरं, दीड-दोन फुटांच्या भिंती, वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तर सोडाच, लांब जाणारा २.४ चा पण तिसऱ्या खोलीत मरतो. आम्ही घरोघर एकच सांगायचो, मोठ्या अँटेनांचा महागडा राउटर घेऊ नका, राउटर कितीही जोरात बोलला तरी मोबाइलचा आवाज तेवढाच राहतो आणि तो परत पोचला पाहिजे. त्यापेक्षा दोन स्वस्त ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीवरून आलेलं नेट वायफायने पसरवणारे डबे, घ्या आणि मधे वायर ओढा.

त्याच सुमारास आमच्याच गल्लीत एकाने दुकान टाकलं. तो बिनवायरीचे रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे फेकणारे डबे, विकायचा, पाच मिनिटांत लावून मोकळा. आता साधा रिपीटर त्याच चॅनलवर ऐकणार आणि त्याच चॅनलवर परत बोलणार, म्हणजे स्पीड निम्म्यावर येणारच, पण मोबाइलवर पट्ट्या पूर्ण दिसतात ना, लोक खूश. मला तेव्हा पण राग यायचा, आज पण येतो.

आणि २०२२ च्या उन्हाळ्यात मी बुडता बुडता वाचलो. एका डीलरकडून कॅट सिक्स या नेटवर्क वायरीची खोकी घेतली होती, ३०५ मीटरची, भाव नेहमीपेक्षा बराच कमी, बिलावर कॉपर लिहिलेलं. खोकं उचललं तेव्हाच हाताला हलकं लागलं होतं, तिथेच थांबायला पाहिजे होतं. एप्रिलपासून फोन सुरू झाले, दुपारी एक ते पाच वायफाय बंद, रात्री आपोआप चालू. मी ॲक्सेस पॉइंट बदलले, त्यांना त्याच नेटच्या वायरीतून वीज देणारे इंजेक्टर बदलले, पदरचे पैसे घालत गेलो. शेवटी एका गच्चीवर भर दुपारी ब्लेडने तार खरवडली तर वरून तांबूस आणि आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या साधारण दीडपट, ऊन लागलं की अजून वाढतो, त्यात बारीक तार आणि डब्यात आलेला इंजेक्टर २४ व्होल्टचा, सत्तर मीटर लांब गेल्यावर ॲक्सेस पॉइंटला पुरेसा करंट मिळेना, तो रीस्टार्ट होत बसायचा. क्रिम्पिंगमधले जोड पण ढिले पडलेले.

ती वायर ओढलेली तेवीस घरं होती. गल्लीतला तो रिपीटरवाला घरोघर जाऊन सांगत होता की याची मशीनच डुप्लिकेट आहेत. नऊ घरं त्याच्याकडे गेली. डीलरने फोन उचलणं बंद केलं.

आप्पा नावाचे एक गिऱ्हाईक मात्र गेले नाहीत. त्यांचं घर आणि गोठा यात मोठं अंतर, गोठ्यावर कॅमेऱ्यासाठी टीपी-लिंकचा ईएपी२२५ आउटडोअर हा ॲक्सेस पॉइंट लावलेला, तोच सगळ्यात जास्त बंद पडायचा. मी तोंड पाडून गेलो तर म्हणाले, “भाऊ, कसाले घाबरस? तार बदली दे.” आणि कापसाच्या पैशातून दोन खोक्यांचे पैसे आगाऊ हातात ठेवले. त्या पैशावर बाकीच्या घरांचं काम उभं राहिलं, सगळीकडे अस्सल तांब्याची वायर फुकट ओढून दिली, आतेभावाने मोटरसायकल विकली.

म्हणून सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. ॲक्सेस पॉइंट स्वस्तातला घ्या, वायर मात्र स्वस्तातली नको. ॲक्सेस पॉइंटचा वायरीचा पोर्ट गिगाबिटचा आहे का बघा, नाहीतर ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन १०० च्या आतच अडकाल. ८०२.३एएफ, म्हणजे वायरीतून ४८ व्होल्ट वीज घेऊन चालणारा, मिळाला तर तोच घ्या, लांबच्या वायरीवर तो टिकतो, फक्त २४ चा आणि ४८ चा इंजेक्टर एकमेकांच्या जागी लावू नका. वायफाय ६ घ्या, पण त्यासाठी वायरीचे पैसे कापू नका. बजेट अगदीच नसेल तर घरातला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून चालतो, त्याचं डीएचसीपी, म्हणजे मोबाइलना आपोआप पत्ते वाटणं, बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता म्हणजे आयपी बदला, वायर लॅन पोर्टात घाला, नाव-पासवर्ड तोच ठेवा, आणि २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११, पण दोन्हीकडे वेगळा.

त्या नऊपैकी सहा घरं परत आली. एकाच्या माळ्यावर माझी जुनी वायर तशीच पडली होती, ती घेऊन आलो. आता काउंटरवर चांगल्या वायरीशेजारी सोलून ठेवलीय, कोणी भाव करायला लागलं की ब्लेड त्याच्याच हातात देतो.