जुन्या स्पोर्ट्स कारचा आडवा दांडा: लोखंड की ॲल्युमिनियम?

माझ्या जुन्या दोन-आसनी गाडीच्या पुढच्या दोन्ही सस्पेन्शन टॉवरना (चाकांच्या स्प्रिंग-शॉक ॲब्सॉर्बरची वरची टोकं जिथे बसतात त्या उंचवट्यांना) जोडणारा आडवा दांडा घरीच करायचे ठरवले, तेव्हा पहिला मोह ॲल्युमिनियमचा झाला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या वेल्डरकाकांकडे मी नेहमी जातो, त्यांनी नळी हातात घेऊन एवढेच विचारले, "वजन वाचवायचंय की गाडी ताठ करायचीय?"

प्रश्न रास्त होता. पोलादाचा ताठपणा सुमारे २०० गिगापास्कल (ताठपणा मोजायचे एकक), तर ॲल्युमिनियमचा जेमतेम ७०. म्हणजे त्याच मापाची ॲल्युमिनियमची नळी वापरली तर ती तिप्पट सहज ताणली वा दाबली जाते, आणि हा दांडा मुख्यतः ताण-दाबच सोसतो. २५ मिमी व्यासाची, २ मिमी जाडीची पोलादी नळी मीटरला सव्वा किलोही भरत नाही, त्यामुळे बचत पाऊण किलोचीच. शिवाय ६०६१-टी६ जातीचे ॲल्युमिनियम वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळ बरेच नरम पडते.

स्टेनलेस दिसायला देखणे, पण ताठपणात साध्या पोलादापेक्षा सरस नाही. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाइप मात्र मी सरळ नाकारला, कारण वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो.

शेवटी साधी पोलादी नळी, टोकांना ५ मिमीच्या पट्ट्या आणि ८.८ ग्रेडचे, म्हणजे जास्त मजबुतीचे बोल्ट घेतले. इंजिनला वळसा घालण्यासाठी नळी वाकवण्याचा बेत सोडला; आधीच वाकवलेला दांडा जोर आला की सरळ दांड्यापेक्षा सहज आणखी वाकतो. कोल्हापूरचा पाऊस लक्षात घेऊन प्रायमरचे दोन हात दिले आहेत.