धरणाची उंची नेमकी कुठून मोजायची?

चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, तेव्हापासून आमच्या गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या मातीच्या धरणाचा जोखीम वर्ग कोणता, हा प्रश्न माझ्या डोक्यात होता. विचारायला मी निवृत्तीपर्यंत थांबलो आणि प्रश्न नीट नोंदवून घेतला जायला चौदा महिने गेले.

धरण अठ्ठ्याण्णव हेक्टर सिंचनाचे, म्हणजे शंभर हेक्टरांच्या आतले, म्हणून जिल्हा परिषदेकडचे. एवढे एका फेरीत समजले. माहितीच्या अधिकारातील अर्जाला उत्तरही मुदतीत आले : ‘धरण सुस्थितीत आहे.’ मी प्रकृती विचारलीच नव्हती. भराव कितीही भक्कम असो, तो फुटलाच तर खाली काय वाहून जाईल, यावर जोखीम वर्ग ठरतो.

पुढच्या अर्जाला उत्तर आले, की धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ या धरणास लागू नाही, म्हणजे जोखीम वर्गाचा प्रश्नच नाही. इथे गाडे अडले ते सात महिने. पंधरा मीटरपेक्षा उंच धरणे या कायद्याखाली सरळच येतात. दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणाला मात्र आणखी एखादी अट पुरी करावी लागते, जसे किमान दहा लाख घनमीटर साठा. आमचा साठा साडेदहा लाख, त्यामुळे सगळे उंचीवर येऊन ठेपले. लिपिकाने नोंदवही उघडून ९.६० वर बोट ठेवले. “साहेब, नोंदच अशी आहे, मी काय करू?” ती उंची नदीपात्रापासूनची होती, कायदा मात्र पायाच्या सर्वसाधारण भागातील सर्वांत खालच्या पातळीपासून मोजायला सांगतो. हे मी तीन टेबलांवर तीनदा वाचून दाखवले. उपविभाग म्हणे नकाशा विभागात आहे, विभाग म्हणे उपविभागात. (अर्जात ‘उंची’ मागू नका, ‘कमाल छेदाच्या नकाशाची प्रत’, म्हणजे भराव सर्वांत उंच असतो तिथल्या उभ्या छेदाचे चित्र, मागा, मला हे फार उशिरा सुचले.)

शेवटी मी अभिलेख पाहण्याची मागणी केली, तेव्हा कडा तपकिरी पडलेला, घड्यांवर विरलेला नकाशा एका कपाटाच्या तळाशी सापडला. भराव घालण्यापूर्वी मुळांसकट वरची माती खरवडून काढतात, ती पायाची पातळी नदीपात्राच्या खाली तुटक रेषेने दाखवलेली होती. फरक ब्याऐंशी सेंटिमीटरचा. म्हणजे उंची १०.४२ मीटर! मी पट्टी दोनदा लावून पाहिली आणि लिपिकाने तिसऱ्यांदा.

अर्जाबाबत एक राहिले : महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द. माझा अगदी पहिला, या सगळ्यांच्या आधीचा अर्ज चार पानी होता. तो परत आला, हा दोष माझाच.

नकाशा सापडल्यावर पावसाळ्यानंतरच्या तपासणीला आलेले शाखा अभियंता सांडव्यापासून ओढ्याच्या कडेने माझ्याबरोबर खालपर्यंत चालले. त्यांनी एकेचाळीस घरे मोजली, आणि शाळेच्या स्वयंपाकघराची भिंत पाण्यापासून बावीस पावलांवर आहे, हे स्वतः पावले टाकून लिहून घेतले. वर्ग ठरवण्याचा प्रस्ताव आता वर गेला आहे. नोंदवहीत ९.६० वर लाल शाईची रेघ आहे आणि शेजारी नव्या आकड्यापुढे अधिकाऱ्याची आद्याक्षरे. ते पान मी मुद्दाम जाऊन पाहून आलो.