कशातच मन लागत नाही, यावर तुमच्या शास्त्रात काही आहे का?

मी मानसशास्त्र शिकवते असं कळलं की लग्नाच्या पंगतीत, एसटीत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी व्यक्ती आधी इकडेतिकडे बघते, आवाज थोडा खाली आणते आणि म्हणते, "मॅडम, हल्ली कशातच मन लागत नाही. करायचं खूप असतं, पण उठावंसंच वाटत नाही. यावर तुमच्या शास्त्रात काही आहे का?" तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते, कारण वाढपी पुढची पोळी घेऊन येईपर्यंतच्या वेळात हे मावत नाही.

आहे, नक्की आहे. मन लागेल तेव्हा करू, म्हणून थांबू नका. आधी हात लावा, तोही अगदी थोडा आणि ठरलेल्या वेळी. मन मागून येतं. शास्त्रात याला बिहेवियरल ॲक्टिवेशन म्हणतात, आणि गेल्या पन्नासेक वर्षांत मानसशास्त्राने सामान्य माणसाच्या हाती जे दिलं, त्यात मला ही सर्वांत भरवशाची गोष्ट वाटते.

हे ऐकून काहींचा चेहरा पडतो. "लोळत काय पडलीस, ऊठ, चार कामं कर म्हणजे बरं वाटेल," हे त्यांनी घरात इतकेदा ऐकलेलं असतं की ते ऐकूनच अंगातलं उरलंसुरलं त्राण जातं. त्या बोलण्यात आळशीपणाचा आरोप असतो. १९७०च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स फर्स्टर आणि पीटर लुइनसोन या मानसशास्त्रज्ञांनी उदासीकडे पाहताना हा आरोपच बाजूला ठेवला. त्यांचं म्हणणं असं की माणसाला रोजच्या जगण्यातून काहीतरी मिळत असतं: सोबत, कौतुक, गंमत, एखादं काम तडीस नेल्याचं समाधान. आजारपण येतं, नोकरी सुटते, गाव बदलतं, जवळचं माणूस जातं, आणि हे मिळणं कमी होतं. मिळणं कमी झालं की माणूस आवरतं घेतो आणि त्यामुळे मिळणं आणखी आटतं. एखादा फोन उचलला नाही की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्यामुळेच पुढचाही फोन वाजत राहतो. यात कुणी आळशी नाही. कुणीही या चक्रात सापडू शकतं.

लुइनसोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओरेगन विद्यापीठात सुखद गोष्टींची ३२० कलमांची यादी केली होती. माणसं रोज त्यातलं काय काय करतात आणि त्या दिवशी मन कसं असतं, हे त्यांनी ताडून पाहिलं. यादी अमेरिकेतली, त्यामुळे ती जशीच्या तशी आपल्याकडे घेण्यात अर्थ नाही. पण नोंद ठेवायची रीत मात्र घ्यावी, आणि तिचा उपयोग काय होतो हे मी अगदी जवळून पाहिलं आहे.

माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर काही वर्षं छान गेली. मग गुडघे धरले, मंगळवारचं भजनी मंडळ सुटलं, मंडळातल्या बायका आधी चौकशीला यायच्या, त्याही हळूहळू यायच्या थांबल्या. मी गेले तेव्हा ती म्हणाली, "अगं, दिवसभर आरामच करते, तरी थकवा जात नाही." मी तिला एक वही करायला सांगितली. तासातासाला काय केलं ते एका ओळीत लिहायचं, आणि पुढे दोन रकाने: 'बरं वाटलं' आणि 'काहीतरी केलं'. दोन्हींना १०पैकी गुण. आयुष्यभर पेपर तपासलेल्या बाईला गुण द्यायचं काम आवडलं. रेघा आखून, लाल पेनाने तिने ती वही सुरू केली.

पुढच्या खेपेला आम्ही दोघींनी मिळून ती वही वाचली. 'दुपारी २ ते ४, पडून होते', पुढे दोन्ही रकान्यांत शून्य. 'टीव्ही, कालचाच भाग', २ आणि ०. मग मध्येच एक ओळ: 'दारात भाजीवाली आली, शेपू घेतला, निवडला', ४ आणि ६. आणि त्याच्या खाली, 'शेजारच्या मुलीचे पाढे घेतले, तेराचा अडतो', ७ आणि ८. मावशी ते पान बराच वेळ बघत राहिली. ज्याला ती आराम म्हणत होती, त्याला तिनेच रोज शून्य दिलं होतं. मी मुद्दाम काही बोलले नाही, कारण तिचे आकडे तिला माझ्यापेक्षा नीट सांगत होते.

मग आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. शेजारच्या मुलीचे पाढे रोज साडेपाचला. आणि मंगळवारी चारचा चहा झाला, कप विसळून ठेवला की साडी बदलायची. भजनाला जायचं की नाही, हे साडी बदलल्यावर ठरवायचं. पहिल्या मंगळवारी ती साडी बदलून घरीच बसली, आणि तेही चाललं. पुढे जायला लागली. खाली बसवत नाही म्हणून आता खुर्ची घेऊन बसते. गुडघे दुखतात तसेच दुखतात. काही मंगळवार अजूनही बुडतात. पण घरात माणसांची ये-जा पुन्हा सुरू झाली आहे, आणि तेराच्या पाढ्याचं काय झालं हे फोनवर मला न चुकता कळतं.

आता एका मावशीवरून शास्त्र ठरत नाही, हे मी वर्गातही बजावून सांगते. म्हणून पुढचं ऐका. १९९६मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात नील जेकबसन यांनी नैराश्याच्या दीडशे रुग्णांवर एक प्रयोग केला. तेव्हा विचार बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती जोरात होती. तिचे सुटे भाग करून काहींना फक्त कृतीचा भाग दिला, काहींना पूर्ण उपचार. फक्त कृतीवाल्यांना तेवढाच फायदा झाला. पुढे २००६मध्ये सोना दिमिज्यान आणि सहकाऱ्यांनी २४१ जणांवर अभ्यास केला, त्यात तीव्र नैराश्य असलेल्यांमध्ये ही पद्धत औषधांच्या तोडीस तोड ठरली. २०१६मध्ये ब्रिटनमध्ये ४४० रुग्णांवर पाहिलं, तर ती देणारे कमी प्रशिक्षणाचे कर्मचारी असूनही परिणाम तज्ज्ञांच्या महागड्या उपचारापेक्षा कमी नव्हता.

यातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अभ्यास आपल्या शेजारचा, गोव्यातला. विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेने गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तो केला. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. नैराश्याचा बऱ्यापैकी तीव्र त्रास असलेले ४९५ जण त्यात होते. समुपदेशन करणारे ना डॉक्टर होते ना मानसशास्त्रातले पदवीधर. गावातलीच माणसं, दहावीपर्यंत शिकलेली असली तरी चालेल अशी अट, आणि मग नीट प्रशिक्षण. रुग्णाला ६ ते ८ बैठका, आरोग्य केंद्रात किंवा त्याच्या घरी, त्याच्या भाषेत. गाभा हाच: तुम्ही काय करायचं सोडलं आहे, त्यातलं काय पुन्हा सुरू करता येईल, आड काय येतं. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा या बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. वर्षभराने पाहिलं तरी फायदा टिकून होता. पुढे मध्य प्रदेशात आशा सेविकांना हीच पद्धत मोबाइलवरच्या अभ्यासक्रमातून शिकवायचं काम 'संगत'ने हाती घेतलं.

मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावीही सहज मिळत नाहीत, अशा आपल्या देशात याचं महत्त्व किती मोठं आहे, हे मला कितीही सांगितलं तरी कमीच वाटतं. माणसाला उभं करायची विद्या गावातली दहावी शिकलेली ताई शिकू शकते आणि तिचा उपयोग आकड्यांत दिसतो. माझ्या विषयाचा मला अभिमान वाटतो तो इथे.

"पण मॅडम, मला आधीच माहीत असतं की जाऊन काही बरं वाटणार नाही." हा पुढचा प्रश्न, आणि तो प्रामाणिक असतो. मात्र उदास मनाचा अंदाज सोडाच, धडधाकट मनाचाही अंदाज इथे चुकतो. कॅनडात ओटावा इथल्या कार्लटन विद्यापीठात इमारती जोडणारे भुयारी रस्ते आहेत. एलिझाबेथ निस्बेट आणि जॉन झेलेन्स्की यांनी २०११मध्ये विद्यार्थ्यांना काही मिनिटं चालायला पाठवलं, काहींना बाहेर झाडांमधून, काहींना भुयारातून. आधी विचारलं की चालून किती बरं वाटेल. बाहेरून आलेल्यांना त्यांच्याच अंदाजापेक्षा जास्त बरं वाटलं. म्हणून मन "काही उपयोग नाही" म्हणालं तर त्याच्याशी वाद घालू नका. वहीत आधी अंदाजाचा आकडा लिहा, जाऊन या, मग खरा आकडा लिहा. कधी अंदाज खरा ठरेल, पण पुष्कळदा ठरणार नाही.

कधी आणि कुठे हे ठरवण्यावर मी इतका भर का देते, तेही सांगते. पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने जर्मनीत विद्यार्थ्यांना नाताळची आदली संध्याकाळ कशी घालवली याचा वृत्तान्त ४८ तासांत लिहून पाठवायला सांगितला. त्यातल्या निम्म्यांकडून, नेमकं कधी आणि कुठे बसून लिहिणार हेही लिहून घेतलं. त्यांच्यातल्या साधारण तीन-चतुर्थांश जणांनी ते वेळेत पाठवलं. उरलेल्यांत एक-तृतीयांश जणांनी. मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं की हा फरक आकसतो. अमेरिकेतल्या एका कंपनीत फ्लूची लस टोचून घ्यायला येणाऱ्यांचं प्रमाण दिवस आणि वेळ लिहायला लावल्यामुळे सुमारे ४ टक्क्यांनी वाढलं, एवढंच. पण फुकट मिळणारे ४ टक्के मी सोडणार नाही. "उद्यापासून व्यायाम" असं न म्हणता "दूध तापवून गॅस बंद केला की चपला घालायच्या" असं म्हणा.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे, कारण तिच्यामुळे लोक विनाकारण खचतात. '२१ दिवसांत सवय लागते' हा संदेश तुम्हालाही आला असेल. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातला 'निदान' गळून पडला आणि नियम तयार झाला. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष पाहिलं. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असं निघालं, पण कुणाला १८ तर कुणाला २५४. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. बाविसाव्या दिवशी अंथरुणातून उठवलं नाही, म्हणजे आपल्यात खोट आहे, असं समजणारी कितीतरी मुलं माझ्याकडे येतात. त्यांच्यात काही खोट नाही, तो आकडाच त्यांच्यासाठी नव्हता.

मानसशास्त्राच्या नावावर फिरणारं सगळंच टिकाऊ नसतं. २०१५मध्ये नावाजलेल्या नियतकालिकांत छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा साधारण ३६ टक्क्यांमध्येच तसा निष्कर्ष पुन्हा मिळाला. म्हणून मी अनेकदा तपासलेलं, वेगवेगळ्या देशांत टिकलेलं तेवढंच तुमच्यापुढे ठेवते.

आता दोन प्रश्न उरतात. पहिला, "मग गोळ्या बंद करू का?" नाही. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्यायचा. वही आणि गोळ्या यांचं भांडण नाही, दोन्ही बरोबर चालतात. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक, काम सगळंच विस्कटलं असेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वही नंतर, आधी डॉक्टर. सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. कर्ज, मारहाण, घरातला छळ यामुळे कोणी खचलं असेल, तर त्या माणसाला फिरायला जा म्हणून सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तिथे आधी ती परिस्थिती हलवायला मदत लागते.

दुसरा प्रश्न घरच्यांचा असतो: "आम्ही काय करायचं?" गोव्यात शक्य तिथे घरातलं एक माणूस बैठकीत सामील करून घ्यायचे, ते याचसाठी. "बाहेर पडत जा जरा" असं येताजाता म्हणू नका. "उद्या सकाळी सातला मी येते, आपण दोघी दूध आणायला कोपऱ्यापर्यंत जाऊ," असं म्हणा, आणि सातला चपला घालून दारात उभ्या राहा. ती नाही म्हणाली तर "बरं, परवा पुन्हा येते" म्हणून निघा, आणि परवा पुन्हा जा.