यकृत साफ, आतडे पातळ

अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा अहवाल चांगला आला, म्हणून खाद्यावरचा संशय सगळ्यांनी सोडून दिला होता. 24 दिवसांचे ब्रॉयलर पक्षी, लिटर (खालचे अंथरूण) ओली, विष्ठेत न पचलेला मका आणि नारंगी चिकट स्राव. वजन मागे, मरतुक जेमतेम. कॉक्सीचे (आतड्यातल्या परजीवीच्या रोगाचे) औषध झाले, अँटिबायोटिक झाले. कोर्स असेतो विष्ठा बांधून यायची, संपला की पुन्हा पातळ.

पक्षी उघडले. यकृत नेहमीच्या रंगाचे. अफ्लाटॉक्सिन जास्त असते तर ते फिकट, ठिसूळ मिळाले असते. लहान आतडे मात्र फुगलेले, भिंत इतकी पातळ की आतले खाद्य बाहेरून दिसावे. खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, ऊसिस्ट, म्हणजे कॉक्सीच्या परजीवीची अंडी, तुरळक.

मग फॉर्म्युला मागवला. डीडीजीएस, म्हणजे मद्यार्क काढून उरलेला मक्याचा वाळवलेला चोथा, 4 टक्क्यांवरून 12 वर गेले होते, कारण पेंड महागली. मक्यातला स्टार्च आंबवून काढला की उरलेल्या भागात प्रथिनांबरोबर बुरशीचे विषही साधारण तिप्पट होते. इथला माल सोनेरी नव्हता. गडद तपकिरी, जळकट वासाचा. विष पोत्यात सारखे पसरलेले नसते, त्यामुळे एका पोत्याच्या तोंडाशी मूठ भरून काही कळत नाही. बऱ्याच पोत्यांत खोलवर नळी खुपसून नमुने काढले, एकत्र दळले आणि त्यातून एक पाठवला. डीडीजीएसमध्ये डीऑक्सिनिव्हॅलेनॉल, म्हणजे डॉन हे बुरशीचे विष, 12 पीपीएम (दशलक्षात 12 भाग), मक्यात 1.6. मका 55 टक्के धरला तर तयार खाद्यात सुमारे 2.3. युरोपीय संघाची मार्गदर्शक मर्यादा 5 पीपीएम आहे, म्हणून मिलवाले निवांत. वर "बाइंडर (विष धरणारा पदार्थ) टाकतोच की!" त्यातली बेंटोनाइट माती अफ्लाटॉक्सिन छान धरते, डॉनला जवळजवळ धरत नाही. हे पोत्यावर कुणी छापत नाही.

डॉन रायबोसोमला चिकटून प्रथिननिर्मिती अडवतो. आतड्याचे अस्तर काही दिवसांत नवे होते, म्हणून मार पहिला तिथेच. पेशींमधले सांधे सैल पडून प्रथिने आतड्यात गळतात आणि क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूला आयते जेवण मिळते. अँटिबायोटिकचा तात्पुरता गुण त्यातूनच आला असावा.

जळक्या मालात लायसिन हे अमिनो आम्ल साखरेला बांधले जाते. हिशेब केला: डीडीजीएसमध्ये एकूण लायसिन 0.8 टक्के, पचनीयता 70 ऐवजी 45 धरली, तरी खाद्यात तूट जेमतेम 0.024 टक्के. एवढ्याने लिटर ओली होत नाही. मला खटकले ते थ्रिओनिन, दुसरे अमिनो आम्ल. आतड्याच्या म्युसिनमध्ये (चिकट श्लेष्मातल्या प्रथिनात) त्याचे प्रमाण मोठे असते आणि अस्तर दुखावले की गरज वाढते. फॉर्म्युल्यात ते पचनीय लायसिनच्या 65 टक्क्यांवरच होते. लायसिन 1.08 टक्के ठेवून 70 वर नेले, म्हणजे टनाला साधारण 550 ग्रॅम एल-थ्रिओनिन. त्याच दिवशी डीडीजीएस पूर्ण काढले. आठवड्याभरात लिटर कोरडी झाली.

कशाने, ते यातून ठरत नाही. फार्मवाल्याला एकेक बदल करून बघायला वेळ नव्हता. जुन्या डीडीजीएसची पोती राखून ठेवायला सांगितली आहेत. पुढच्या बॅचला एका लहान पेनमध्ये (कप्प्यात) तेच डीडीजीएस 12 टक्के ठेवून फक्त थ्रिओनिन वाढवून पाहणार आहे.