होक्काइडोचे पक्षी आणि एक फिकट शिक्का

जपानला पक्षी बघायला निघालेले लोक मला लेन्सबद्दल विचारतात. लेन्स नंतर. आधी आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवान्याची पुस्तिका उघडा आणि ‘बी’, म्हणजे कारच्या वर्गासमोरचा शिक्का नीट उमटलाय का ते उजेडात धरून बघा. बाकी व्हिसा, विमान, हॉटेल हे सगळं बिनबोभाट झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

उन्हाळ्यातलं होक्काइडो, म्हणजे जपानचं उत्तरेकडचं मोठं बेट, मुद्दाम निवडलं होतं. जून-जुलैत उरलेल्या जपानात आपल्यासारखीच पावसाची रिपरिप असते, होक्काइडो त्यातून बरंचसं सुटतं. पण तिथे पहाटे चारच्या सुमारासच सूर्य वर येतो. पक्षी गातात तेव्हा बस नाही, ट्रेन नाही. म्हणजे गाडी हवीच. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे त्याची धास्ती नव्हती. जपान १९४९च्या जिनिव्हा कराराचा परवाना मानतं आणि भारत त्या करारात आहे, म्हणून आरटीओची पुस्तिका तिथे चालते. अर्ज ऑनलाइन, फी १००० रुपये. खिडकीवरच्या बाबांनी सुकलेल्या पॅडवर शिक्का टेकवला, पुस्तिकेवर मारला, पुस्तिका सरकवली आणि ‘पुढचा’ म्हणाले.

न्यू चितोसे विमानतळाजवळच्या भाड्याच्या गाड्यांच्या ऑफिसात याचा हिशेब चुकता झाला. काउंटरवरच्या मुलीने पुस्तिका दोन्ही हातांनी घेतली. बाजूला लॅमिनेट केलेला नमुना होता, त्याच्याशी एकेक पान ताडून पाहिलं. मुखपृष्ठावरचं १९४९ सापडलं तेव्हा मान डोलावली. शेवटच्या पानावर मात्र थांबली. पेनाचं टोक ‘बी’समोरच्या गोलावर ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. तिथे जांभळी अर्धी कमान आणि दोन-तीन अक्षरांची सावली, एवढंच.

मोबाइलच्या भाषांतरातून प्रश्न आला, “हा शिक्का आहे का?” मी हो म्हटलं. तिने माफी मागितली आणि मुख्य कार्यालयाला फोन लावला. पानाचा फोटो पाठवला. पुन्हा माफी. मी माझं मूळ लायसन पुढे केलं, त्यावर ‘एलएमव्ही’, म्हणजे हलकं मोटार वाहन, लिहिलंय ना! पण ‘एलएमव्ही’ म्हणजे काय हे तिथे कोणाला ठाऊक असणार? मागून आलेले लोक किल्ल्या घेऊन निघून जात होते. मी खुर्चीत. तिकडून फोन आला की ती उठून यायची, वाकायची आणि आणखी थोडं थांबायला सांगायची. आपल्याकडे निदान आवाज चढवता येतो. इथे समोरचा माणूस रागवायला जागाच ठेवत नाही, आणि डोक्यात नुसती वाफ कोंडते. राग तसाही तिच्यावर नव्हताच. ती तिचं काम करत होती, ज्याने करायचं होतं त्याने केलं नव्हतं.

शेवटी तिलाच सुचलं. पुस्तिकेतल्या माझ्या फोटोवर तोच शिक्का होता, तो लख्ख उमटलेला. ती दोन्ही पानं टेबललॅम्पखाली शेजारी धरून तिने कमानीचा वळसा आणि अक्षरं जुळवून दाखवली, पुन्हा फोटो काढले, पुन्हा फोन. मग किल्ली. तोवर बाहेर अंधार पडला होता आणि संध्याकाळचं उतोनाई तळं गेलंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो. उतोनाई विमानतळापासून जवळ आहे. १९८१ साली जपानच्या वन्यपक्षी संस्थेने आपलं पहिलं पक्षी अभयारण्य इथे उभारलं, १९९१मध्ये तळ्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हिवाळ्यातले हंस-बदक सोडा, जूनमध्ये काठाच्या झुडपांत खरी मजा असते. नोगोमा, म्हणजे सायबेरियन रुबीथ्रोट, फांदीच्या अगदी टोकाला बसून गात होता. हाच पक्षी थंडीत आपल्या ईशान्येकडे आणि बंगालकडे येतो, पण तेव्हा गवतातून बाहेर पडत नाही. इथे गळ्यातला लाल ठिपका गाताना फुगून थरथरतो. वर ओजिशिगी हा पाणलावा आकाशातून सूर मारत शेपटीच्या पिसांनी असा घरघराट करत होता की पहिल्यांदा मी विमानच शोधलं. तो हिवाळा ऑस्ट्रेलियात काढतो.

जंगलासाठी साप्पोरोजवळचं नोप्पोरो. किबिताकीचा पिवळाजर्द नर आणि निळा ओरुरी हे दोन्ही माशीमार पक्षी मिळतात, पण पानं दाट, उजेड कमी. कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, ३२०० पर्यंत न्यायला घाबरू नका. काळा सुतारपक्षी मला फक्त ऐकू आला. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही, घरट्यासमोर तिपाई मांडायची नाही. सकाळी जाकीट लागतंच. अस्वलासाठी घंटा घ्या, आणि संध्याकाळी गाडी हळू, हरणं रस्त्यावर येतात. लाल उलट्या त्रिकोणाची पाटी दिसली की चाकं पूर्ण थांबवायची, नुसता वेग कमी करून चालत नाही.

हे मघाशी राहिलं: पुस्तिकेसोबत मूळ लायसन आणि पासपोर्टही जवळ लागतो. आणि आरटीओच्या खिडकीवरून हलण्याआधी पान उघडून बघा. शिक्का फिका असेल तर मागचे कितीही ओरडोत, दुसरा मारून घ्या.