भावाचं लायसन्स परत मिळालं

आज धाकट्या भावासोबत ठाण्याच्या आरटीओत गेले होते. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल 3 महिने निलंबित झालेलं त्याचं लायसन्स परत मिळालं. कोर्टाचा दंड भरला की सुटलं, असं नसतं. 2019च्या कायदादुरुस्तीनुसार रिफ्रेशर ट्रेनिंगही करावं लागतं, आणि ते योग्यच आहे. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पुन्हा पकडला गेला तर लायसन्स रद्द होऊ शकतं. आई म्हणाली, येताना पेढे आण. मी नाही आणले. रात्री घोडबंदर रोडवरून किती माणसं बाइकवर घरी परतत असतात, लेकरं मागे बसवून! भाऊ मात्र इतके दिवस बसने, शेअर रिक्षाने कामावर गेला, कुरकुरला नाही. त्याचं मनापासून कौतुक वाटतं. शनिवारी ऐरोलीला मित्राची हळद आहे, रिक्षानेच जाणार म्हणालाय.