त्यांनी काहीच म्हटलं नाही

बुधवार, रात्र

रविवारपासून तीच एक गोष्ट मनात रुतून बसली आहे. सेन्सेईंनी, म्हणजे इथल्या सुतारकामाच्या वर्गातल्या आमच्या शिक्षकांनी, मी केलेलं केबिकी, म्हणजे लाकडावर रेघ आखायचं जपानी अवजार, हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, पाचर काढली, पुन्हा बसवली. खोक्यातून लाकडाचा एक तुकडा शोधून काढला, त्याला बराच वेळ लागला. मग माझ्याकडे पाठ करून त्यावर रेघ ओढली, काहीतरी खुडबुड केली, "हं" म्हणाले आणि केबिकी आणि तो तुकडा, दोन्ही माझ्या हातात देऊन पलीकडच्या टेबलाकडे गेले.

चांगलं झालंय म्हणाले नाहीत. वाईट झालंय असंही नाही. बिघडलं असतं आणि त्यांनी तसं तोंडावर सांगितलं असतं तर मी घरी येऊन रडले असते आणि मोकळी झाले असते. हे "हं" मात्र घशात अडकलेल्या काट्यासारखं झालंय.

सात रविवार मी त्यावर घालवले. एक दांडी, एक फळी, एक पाचर, एक पातं. एवढंच तर असतं ते. फळी लाकडाच्या कडेला टेकवायची, दांडीच्या टोकाशी बसवलेलं पातं लाकडावर ठेवायचं आणि आपल्याकडे ओढायचं. कडेपासून हवं तेवढ्या अंतरावर, कडेला समांतर अशी बारीक चीर पडते. पण फळीतलं ते चौकोनी भोक! दोन्ही बाजूंनी पटाशीनं कोरत यायचं आणि मधोमध दोन्हींची गाठ पडायला हवी. पाचरीच्या बाजूची भिंत किंचित तिरकी ठेवायची, बाकीच्या तीन अगदी सरळ. दांडी आत सरकली पाहिजे आणि तरी डुगडुगता कामा नये. पहिली फळी माझ्या हातून फुटली. दुसरीचं भोक मोठं झालं. तिसरी जमली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि नवरा दारात उभा राहून "झोपतेस का आता" म्हणत होता.

पातं मिकी गावाहून आणलं होतं. जुन्या अवजारांच्या दुकानात गंजलेल्या पात्यांच्या ढिगात सापडलं, आधी कोणाच्या तरी केबिकीत असणार. निसण्यावर घासायला घेतलं तसा गंज गेला आणि खाली दोन रंग दिसले. वरचा जाड थर मऊ लोखंडाचा, धुक्यासारखा पांढुरका. धारेपाशी कडक पोलादाची बारीक पट्टी, आरशासारखी लखलखीत. दोन धातू भट्टीत तापवून, ठोकून एक केलेले, आणि मधली सांधरेघ केसाएवढी. ती रेघ पहिल्यांदा दिसली तेव्हा मी कितीतरी वेळ पातं दिव्याखाली हलवत बसले होते. पोलाद कापतं, लोखंड त्याला तुटू देत नाही.

आईला फोनवर सांगितलं होतं, लाकूड "काशी" आहे म्हणून. ती म्हणाली, "अगं, काशीचं लाकूड तिकडे कुठे मिळालं तुला?" मग समजावलं की इथे ओकच्या एका जातीला काशी म्हणतात, आणि त्याचं अक्षर लिहिताना झाड आणि कठीण ही दोन अक्षरं शेजारी शेजारी काढतात. आई म्हणाली, "कठीणच काम घेतलंयस मग." आणि लगेच पुढे, "अप्पांनी बघायला हवं होतं."

त्यावर मी काही बोलले नाही. अप्पांच्या अवजारांची पेटी कुठे गेली हेही मी कधी विचारलं नाही.

अप्पांचं रेघ आखायचं गेज मला आठवतं. सागवानी, हाताच्या घामानं काळं पडलेलं, टोकाला पातं नव्हे तर खिळ्याचं घासलेलं टोक. लाकडाच्या शिरांच्या दिशेनं ते छान चालायचं. आडव्या शिरांवर मात्र रेघ फाटल्यासारखी यायची, कडेला तुसं उभी राहायची. केबिकीचं पातं शिरा ओरबाडत नाही, कापतं. पटाशी त्या चिरेत आपोआप बसते. हे मला इथे येऊन, चाळिशी उलटल्यावर कळलं. दादाला अप्पांनी पटाशी धरायला शिकवली होती. मला त्यांनी काही शिकवलं नाही. मी उंबऱ्यावर बसून बघायचे. "बाजूला हो, पायात काहीतरी घुसेल," एवढंच वाक्य माझ्या वाट्याला आलेलं.

आणि आता हे सेन्सेई. म्हणजे मला कोणी काही सांगायचंच नाही, असं ठरलंय का?

इथे एक बोलण्याची पद्धत आहे, "वाझा ओ नुसुमु". विद्या चोरायची. जुन्या काळी शिकाऊ पोराला उस्ताद काही समजावत नसे. पोरानं झाडलोट करायची, पाणी भरायचं, आणि डोळ्यांनी जे उचलता येईल ते उचलायचं. वर्गातल्या बायका हे कौतुकानं सांगतात. मला मात्र राग येतो. मी फी भरून आलेली बाई आहे, मी का चोरू? मला वाक्य हवंय. एक धड वाक्य, क्रियापदासकट.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत शिन-कोबे स्टेशनजवळच्या ताकेनाका संग्रहालयात जाऊन आले. सुतारकामाच्या अवजारांचंच संग्रहालय आहे ते, असं पोटात ढवळलं की मी तिथे जाते. नाही, सोमवारी ते बंद असतं, काल गेले होते. दिवसांची सरमिसळ व्हायला लागली आहे. तिथे एका भिंतीवर एका सुताराची सगळी अवजारं मांडलेली आहेत. 1943 साली टोकियोत पाहणी झाली होती, एका चांगल्या सुताराला पूर्ण संच म्हणून काय काय लागतं याची. आकडा आला 179. त्यात केबिकीचेही प्रकार. बारीक रेघेचं वेगळं, पातळ फळ्या दोन्ही बाजूंनी चिरून दुभंगायचं जाड पात्याचं वेगळं, आणि दोन दांड्यांचं, सांध्यातल्या कुसवासाठी एकदम दोन रेघा ओढणारं. त्याच्या नावात "कामा" आहे, म्हणजे विळा, पात्यांच्या आकारावरून. मी काचेला नाक लावून पात्यांकडे बघत उभी राहिले. 179 मधलं एक मी केलं, आणि त्याला "हं".

मग आज संध्याकाळी डबा काढताना पिशवीच्या तळाशी तो तुकडा हाताला लागला. रविवारी रागाच्या भरात तसाच कोंबला होता.

सुगीचा तुकडा. सुगी म्हणजे इथलं देवदारासारखं मऊ लाकूड, त्यात एक मऊ पट्टा, एक कडक पट्टा, असं आलटून पालटून. ह्या तुकड्याच्या कोपऱ्यात एक गाठ आहे, आणि तिला वळसा घालून शिरा तिरक्या निघाल्यात, थेट मध्यापर्यंत. मी घरी सरळ शिरांच्या हिनोकीच्या लाकडावर शंभर रेघा ओढून पाहिल्या होत्या, सगळ्या सुतासारख्या. त्यांनी खोक्यात हात घालून एवढा वेळ शोधलं ते नेमकं असं वाकडं लाकूड.

आणि त्यावर एक रेघ नव्हती. दोन होत्या.

दिव्याखाली धरून तिरकं पाहिलं. पहिली चीर गाठीपाशी येईपर्यंत सरळ, मग कडक पट्ट्याला लागून त्याच्यामागे कडेच्या दिशेनं सरकलेली. अर्धा मिलिमीटर असेल, पण सरकलेली. तिच्याशेजारी, दोन-तीन मिलिमीटरवर, दुसरी. तोच पट्टा, तीच गाठ, आणि ही चीर ढिम्म हललेली नाही, सगळे पट्टे कापत आरपार गेली आहे. पहिली माझ्या केबिकीची. दुसरी त्यांच्या.

पाठ करून चाललेली खुडबुड ती हीच.

मग त्यांचं केबिकी डोळ्यांसमोर आणलं. कितीदा पाहिलंय मी ते! पातं फळीला समांतर नाहीये. ओढताना जे टोक पुढे असतं ते फळीपासून केसभर लांब, बाहेरच्या अंगाला वळवलेलं. म्हणजे ओढलं की पातं फळीपासून दूर पळू बघतं, आणि त्याच्या पळण्यानंच फळी लाकडाच्या कडेला घट्ट चिकटते. मी गुण्या लावून, श्वास रोखून, पातं अगदी समांतर बसवलं होतं. जिथे थोडं तिरकं हवं होतं तिथेच मी सगळा सरळपणा खर्च केला.

केबिकीतलं "के" म्हणजे आखलेली रेघ, आणि "हिकु" म्हणजे ओढणं. हेच क्रियापद ते दार ओढायला वापरतात आणि हेच रेघेला. आपणही रेघ ओढतोच की. हे मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं आणि फार आवडलं होतं, वहीत लिहूनही ठेवलंय. पण ओढल्यावर पातं कुठे जाऊ बघतं, हा प्रश्न मला पडला नव्हता.

तरी त्यांनी सांगायला हवं होतं असं अजूनही वाटतंय. अर्धं वाटतंय. अर्धं असं की, त्यांनी सांगितलं असतं, "पातं तिरकं कर", तर मी केलं असतं आणि विसरले असते. हा तुकडा मी आता फेकणार नाही. आणि उंबऱ्यावर बसून मी नक्की काय बघायचे, तेही आज आठवायला लागलंय. गेज ओढताना अप्पांचा अंगठा कुठे असायचा, गाठ आली की ते तुकडा उलटा करून दुसऱ्या टोकाकडून रेघ कशी घ्यायचे. हे मला कोणी सांगितलेलं नाही, पण मला ते माहीत आहे. दादाला विचारलं पाहिजे, त्याला आठवतंय का.

मार्चमध्ये पुण्याला परतायचं की नाही ते अजून... असो.

जेवणानंतर पातं ठोकून बाहेर काढलं. दांडीतल्या खाचेची एक भिंत मागच्या बाजूनं तासली, दुसऱ्या बाजूला रंध्यातून निघालेली कागदासारखी साल घालून पातं घट्ट केलं. सुगीच्या तुकड्यावर तिसरी रेघ ओढली. गाठीपाशी हात थरथरला, रेघ थरथरली नाही. पण पाच-सहा वेळा ओढल्यावर साल दबली आणि पातं हलायला लागलं. ठिगळ ते ठिगळच.

नवी दांडी करायला हवी. काशीचं लाकूड वीतभराहून थोडं जास्त उरलंय. रात्री ठोकाठोक नको म्हणून फक्त आखून ठेवलं. खाच ह्या वेळी आधीपासूनच तिरकी आखली.